जहाज आलं नाही तर आधी भांडार मोजा

ठरलेल्या तारखेला जहाज आलं नाही, तर पहिल्या दिवशी कुणाला काही वाटत नाही. अंटार्क्टिकात तारखा पुढंमागं होतातच. मग एकेकजण उगाचच टेकाडावर जाऊन समुद्राकडं बघून यायला लागतो. आणि एका रात्री, भात वाढून घेता घेता, कुणीतरी विचारतो, ‘राशन किती दिवसांचं आहे?’ तुकडीप्रमुख तुम्ही असाल तर या प्रश्नाच्या आधी भांडार मोजून झालेलं पाहिजे आणि आकडा कागदावर पाहिजे. ‘बघतो, सांगतो’ म्हणालात, की त्या रात्रीपासून जो तो मनातल्या मनात आपापला हिशेब मांडायला लागतो.

मी साताऱ्याकडचा. फौजेत राशन सांभाळण्यात नोकरी गेली, बर्फातल्या ठाण्यांवर राहिलो, आणि अंटार्क्टिकातल्या आपल्या मैत्री स्टेशनवर एक हिवाळा काढला. आता तिथं फोन आहे, डिझेल आहे, डॉक्टर आहे. सूर्य दोन महिने उगवत नाही हे खरं, पण उपाशी कुणी मरत नाही. त्यामुळं पुढं लिहितोय ते माझ्या पराक्रमाचं नाही. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी बर्फात खरोखर अडकलेल्या तुकड्यांबद्दल वाचायला त्या अंधारात भरपूर वेळ मिळाला, आणि ते सगळं मी भांडारवाल्याच्या डोळ्यांनी वाचलं. कोण किती शूर होता यापेक्षा बिस्किटं कोण वाटत होता, यावर माझी नजर जायची. हाताखाली माणसं घेऊन बर्फात निघणाऱ्यांच्या कामाचं त्यातून जे निघालं ते सांगतो.

‘एन्ड्युरन्स’ जहाज बर्फात बुडालं तरी माणसं परत आणणाऱ्या शॅकल्टनचं नाव सगळ्यांना माहीत असतं. मला मात्र शिकायला जास्त मिळालं ते व्हिक्टर कॅम्पबेलच्या सहा जणांकडून. दक्षिण ध्रुवावर निघालेल्या कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेतली ही उत्तरेकडची तुकडी. जानेवारी १९१२ मध्ये ‘टेरा नोव्हा’ जहाजानं त्यांना किनाऱ्यावर उतरवलं, बरोबर सुमारे सहा आठवड्यांचा शिधा दिला आणि फेब्रुवारीत न्यायला येतो म्हणून जहाज गेलं. मध्ये बर्फ आडवा आला, जहाजाला किनारा गाठता येईना. किनाऱ्यावरच्यांना वाटलं, जहाज बुडालं असणार. तंबू वादळात टिकेनात. मग त्यांनी बर्फाच्या कड्यात गुहा खोदली, १२ फूट लांब, ९ फूट रुंद, साडेपाच फूट उंच. सरळ उभं राहायचं नाही. त्यात सहा माणसांनी अख्खा हिवाळा काढला आणि वसंतात सहाच्या सहा जण चालत मुख्य तळावर पोचले. त्यातले तिघे अधिकारी, तिघे खलाशी. हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगाला येणार आहे.

मोजणी

मोजणी एकट्यानं करू नका. तुमच्याबरोबर एक माणूस असा घ्या ज्याच्या हातात कसलाही अधिकार नाही: स्वयंपाकी, मेकॅनिक, कुणीही. आकड्याखाली दोघांची सही. फौजेत याला फार महत्त्व असतं आणि ते उगाच नाही. साहेबानं एकट्यानं मोजलेल्या साखरेवर कुणाचा विश्वास बसत नाही, साहेब कितीही सज्जन असला तरी.

मग तीन ढीग करा. पहिला रोजच्या खाण्याचा. दुसरा वाटेचा: कधीतरी इथून चालत निघावं लागेल, तेव्हा लागणारा शिधा. तो बांधून, शिवून, नजरेआड ठेवा आणि सगळ्यांसमोर सांगा की याला हात नाही. कॅम्पबेलनं नेमकं हेच केलं. गुहेत भुकेनं कळवळत असताना परतीच्या चालीचा शिधा त्यांच्याजवळ होता, आणि तो त्यांनी फोडला नाही.

तिसरा ढीग छोट्या गोष्टींचा. साखर, चॉकलेट, मनुका, चहा, तंबाखू. यानं पोट भरत नाही म्हणून नवखा प्रमुख तो पहिल्या ढिगात मिसळून टाकतो. तसं करू नका. कॅम्पबेलच्या तुकडीत भांडार रेमंड प्रीस्टली या भूगर्भशास्त्रज्ञाकडं होतं. रोजचं बिस्किट एक. रविवारी माणशी साखरेचे १२ खडे. चॉकलेट शनिवारी. महिन्याच्या शेवटच्या दिवशी माणशी २५ मनुका. बाकी सगळं सीलचं आणि पेंग्विनचं मांस, चरबीसकट. आता विचार करा, ज्या गुहेत दिवस आणि रात्र सारखीच काळी, तिथं वार कसा कळणार? साखरेवरून कळायचा. रविवार यायचा तो साखर घेऊन यायचा. एक खडा एका वेळी, किंवा बाराही एकदम, ज्याची त्याची मर्जी. पण ती मर्जी चालवायला सगळ्या आठवड्यात तेवढी एकच गोष्ट हाती होती. म्हणून तिसरा ढीग वारावर बांधा आणि एकदा बांधलात की मोडू नका. कुणी आजारी आहे, कुणाचा मूड गेलाय, म्हणून बुधवारीच साखर काढली तर रविवार हातचा गेला.

शिकार मिळतेय तोवर साठा करा, उद्यावर टाकू नका. हिवाळा लागला की किनाऱ्यावर सील दिसेनासे होतात. इथं माझं शॅकल्टनशी पटत नाही. ‘एन्ड्युरन्स’ बुडाल्यावर त्याची २८ माणसं तरंगत्या बर्फावर तंबू ठोकून होती. भांडार सांभाळणारा ऑर्ड-लीस म्हणत होता, सील मिळताहेत तेवढे मारून साठवू. शॅकल्टनला वाटायचं, मोठा साठा केला तर माणसं म्हणतील की आता इथंच वर्ष काढायचंय, आणि धीर सोडतील. पुढं मांस आणि चरबी दोन्ही कमी पडली, उरलेली कुत्री मारून खावी लागली. ऑर्ड-लीस सगळ्यांना नकोसा झालेला माणूस होता, सतत उपासमारीची भीती घालायचा, स्वतःपुरतं लपवूनही ठेवायचा. पण या एका बाबतीत त्याचं बरोबर होतं असं मी म्हणतो. भरल्या भांडारानं कुणाचा धीर खचलेला मी तरी पाहिला नाही.

वाटणी

इथं थोडं सावकाश वाचा. उपाशी तुकडीत भांडण कमी अन्नावरून होत नाही. शेजाऱ्याच्या ताटात आपल्यापेक्षा जास्त पडलं, या संशयावरून होतं. आणि उपाशी माणसाची नजर भारी तीक्ष्ण असते. पेल्यातलं पाणी अर्धा बोट कमी आहे हे त्याला सहा फुटांवरून दिसतं.

त्या काळच्या ध्रुवीय तुकड्यांनी यावर उपाय काढला होता. त्या दिवशीचा स्वयंपाकी शक्य तितके सारखे वाटे करतो. एकजण पाठ फिरवून किंवा डोळे मिटून बसतो. स्वयंपाकी एका वाट्यावर बोट ठेवून विचारतो, ‘हा कुणाचा?’ पाठ फिरवलेला एक नाव घेतो. ज्याचं नाव, त्याचा वाटा. पुढचा. असं सगळे वाटे संपेपर्यंत. यात दोन गोष्टी साधतात. वाटणाऱ्याला आपल्या माणसाकडं झुकतं माप घालता येत नाही. आणि ज्याला लहान वाटा येतो त्याला चिडायला समोर माणूस सापडत नाही. नशिबावर चिडून तो गप्प बसतो. हे पहिल्या दिवसापासून सुरू करा, अन्न भरपूर आहे तेव्हापासूनच. टंचाई आल्यावर सुरू केलंत तर माणसं म्हणतील, म्हणजे आत्तापर्यंत गडबड होती.

मी हे एका बर्फातल्या ठाण्यावर वेगळ्या तऱ्हेनं पाहिलं. रस्ता बंद होता, सुकामेवा येत नव्हता, आणि बराकीत कुजबुज सुरू झाली की साहेब लोकांच्या मेसमध्ये काजू चाललेत. काजू कुणाकडंच नव्हते. पण नाही म्हणून सांगून ते खरं वाटत नाही. मी लंगराच्या दाराशी एक पत्रा लावला आणि रोज सकाळी त्यावर खडूनं भांडारातला शिल्लक माल लिहायला लागलो: पीठ, डाळ, तेल, साखर, दूध पावडर, रॉकेल. काजूपुढं शून्य. सुरुवातीला कुणी बघायचं नाही. मग जाता येता बघायला लागले, मग माझी बेरीज तपासायला लागले, आणि एका जवानानं तेलातली चूक काढून दाखवली तेव्हा सगळे हसले. कुजबुज त्यानंतर ऐकू आली नाही.

जिथं वस्तू सगळ्यांना पुरत नाही तिथं चिठ्ठ्या टाका. ‘एन्ड्युरन्स’ सोडताना शॅकल्टनजवळ केसाळ कातड्याच्या उबदार स्लीपिंग बॅगा १८ होत्या, माणसं २८; बाकीच्या लोकरीच्या. चिठ्ठ्या टाकल्या. उबदार बॅगा बहुतेक साध्या खलाशांकडं गेल्या, शॅकल्टन आणि वरचे अधिकारी लोकरीच्या बॅगांत. चिठ्ठ्यांत लबाडी होती हे खलाशांच्याही लक्षात आलं, पण ती त्यांच्या बाजूनं होती. लबाडी करायचीच झाली तर अशी करावी. स्वतः प्रमुखानं चांगली वस्तू घेतली आणि वर हजार कारणं दिली, तरी ती बॅग रोज रात्री सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उलगडली जाणार.

उलटं उदाहरणही सांगायला हवं. अमेरिकी लष्कराच्या ॲडॉल्फस ग्रीलीची २५ जणांची तुकडी १८८१ मध्ये उत्तर ध्रुवाच्या बाजूला गेली. १८८२ चं जहाज पोचलं नाही, १८८३ चं बर्फात चिरडून बुडालं. केप सेबिनला त्यांनी शेवटचा हिवाळा काढला आणि एकेक करून उपासमारीनं गेले. चार्ल्स हेन्री नावाचा शिपाई अन्न चोरताना सापडला, समज दिली, पुन्हा सापडला. जून १८८४ मध्ये ग्रीलीनं लेखी हुकूम काढून त्याला गोळी घालायला लावली. त्यानंतर अवघ्या दोन-अडीच आठवड्यांनी सुटकेचं जहाज आलं. शेवटी घरी पोचले सहा. हुकूम बरोबर की चूक, यावर लोक आजही वाद घालतात; मी त्या तंबूत नव्हतो, मी बोलणार नाही. माझं लक्ष दुसऱ्याच माणसावर जातं. सार्जंट डेव्हिड ब्रेनर्ड, त्यांचा भांडारवाला. रोजची वाटणी त्याच्या हातून व्हायची. दुसऱ्यांना उठवत नव्हतं तेव्हा हा किनाऱ्यावर जाऊन जाळ्यानं बारीक कोळंबीसारखे किडे पकडून आणायचा आणि तेही वाटायचा. तुमच्या तुकडीतला ब्रेनर्ड कोण, हे निघायच्या आधी ठरवा. हुशार नको, गोड बोलणारा नको. स्वतःचा वाटा शेवटी उचलणारा पाहिजे.

जागा

अन्नानंतर जागा. बारा बाय नऊच्या गुहेत सहा माणसं, तीन साहेब आणि तीन खलाशी. कॅम्पबेलनं बुटाच्या टाचेनं जमिनीवर रेघ ओढली. रेघेच्या अलीकडं अधिकारी, पलीकडं खलाशी. आणि नियम केला: एका बाजूला बोललेलं दुसऱ्या बाजूला ऐकू आलं नाही असं धरायचं. तोंडापासून कान चार फुटांवर, तरी ऐकू आलं नाही.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता. बर्फाच्या बिळातसुद्धा साहेबी! पण विचार करता करता पटत गेलं. त्या तीन खलाशांना साहेबांना शिव्या घालायची सोय मिळाली. हिवाळाभर माणूस साहेबाला शिव्या घालू शकला नाही तर तो दुसऱ्या कुणावर तरी हात उचलतो. आपल्याला आज रेघ अशी ओढता येणार नाही, ओढूही नये. पण कुणाच्या तरी कानाआड बोलायची जागा हवीच. तंबू असतील तर रात्री आठनंतर प्रमुखानं दुसऱ्या तंबूत जायचं नाही. एकच खोली असेल तर पांघरुणाचा पडदा आणि त्याच्या आड जाणाऱ्याला हाक मारायची नाही. मैत्रीवर भिंती आहेत, खोल्या आहेत, तरीही ध्रुवीय रात्रीच्या मधल्या दिवसांत माणसं जनरेटरच्या आवाजात उगाच जाऊन उभी राहायची. तिथं कुणी काही विचारत नाही, एवढाच त्याचा फायदा.

मात्र स्वयंपाकात कॅम्पबेलनं रेघ ठेवली नाही. जोड्या लावल्या, एक अधिकारी आणि एक खलाशी. चुलीच्या धुरात दोघांचेही डोळे सारखेच चुरचुरायचे.

दिवस

दिवस बांधा. यावर सगळेच बोलतात, म्हणून थोडक्यात. शॅकल्टनची माणसं बर्फावरून होड्यांनी एलिफंट बेटावर पोचली. तिथून तो मदत आणायला होडीतून गेल्यावर बेटावरची २२ माणसं त्याच्या उपप्रमुखाच्या, फ्रँक वाइल्डच्या, ताब्यात होती. दोन होड्या दगडांच्या भिंतीवर उलट्या ठेवून त्याखाली राहायची. वाइल्ड रोज सकाळी ओरडायचा, पथाऱ्या गुंडाळा रे, बॉस आज यायचा. २४ एप्रिल १९१६ ला होडी गेली आणि ३० ऑगस्टला चिलीचं ‘येल्चो’ जहाज घेऊन शॅकल्टन आला, चौथ्या प्रयत्नात. मधले चार महिने वाइल्ड रोज हेच ओरडत होता. त्याच्यावर विश्वास होता की नव्हता हा भाग वेगळा. पथाऱ्या गुंडाळल्या जात होत्या, जमीन मोकळी होत होती, माणूस दिवसभर झोपून राहू शकत नव्हता. मला त्यात तेवढंच दिसतं आणि तेवढं पुरे.

रात्रीचं काहीतरी ठेवा. कॅम्पबेलच्या गुहेत डॉक्टर लेव्हिक चरबीच्या दिव्याजवळ रोज कादंबरीचं एकच प्रकरण मोठ्यानं वाचायचा. एकच. माणसं आणखी मागायची, तो पुस्तक मिटायचा. शॅकल्टननं जहाज सोडताना माणशी फक्त दोन पौंड खासगी सामान न्यायची परवानगी दिली, सोन्याची नाणी बर्फावर टाकली, पण तुकडीतल्या हसीचा बँजो मात्र नेऊ दिला. आपल्याकडं कुणी पेटी वाजवतो, कुणी भजन म्हणतो, कुणाला जुन्या मॅचचं अख्खं स्कोअरकार्ड तोंडपाठ असतं. त्या माणसाला निघताना वजनात सूट द्या.

ताजं मांस आणि धूर

इथं तुमच्यातल्या शाकाहाऱ्यांची क्षमा मागून सांगतो. डबाबंद अन्नावर महिनोन्‌महिने काढले की क जीवनसत्त्व न मिळाल्यानं स्कर्व्ही येतो: हिरड्या सुजतात, जुन्या जखमा उघडतात, पाय जड होतात. ‘बेल्जिका’ जहाज १८९८ मध्ये बर्फात अडकलं तेव्हा क जीवनसत्त्वाचा शोध लागायचा होता. कप्तान द गेर्लाशला पेंग्विनचं मांस बिलकूल आवडायचं नाही. डॉक्टर फ्रेडरिक कुक आणि तरुण आमुंडसेन सांगत राहिले की ताजं मांस खा, जास्त शिजवू नका. माणसं पिवळी पडत गेली, मग कुठं ताटात पेंग्विन आला, आणि बरी व्हायला लागली. प्रमुखाच्या जिभेचे चोचले सगळ्या तुकडीला भोवतात. जे खावं लागणार ते पहिल्यांदा तुम्ही खा, सगळ्यांसमोर, तोंड वाकडं न करता. आज अंटार्क्टिकात सील आणि पेंग्विन मारायला कायद्यानं बंदी आहे, त्यामुळं तुमच्या सामानात क जीवनसत्त्वाच्या गोळ्या पाहिजेत आणि त्या गिळल्या जाताहेत हे बघणारा एक माणूस पाहिजे.

चवीचं म्हणाल तर कॅम्पबेलच्या लोकांनी सीलच्या रश्श्याला औषधाच्या पेटीतला मोहरीचा लेप घालून पाहिला. लेपात जवस होतं, सगळ्या रश्श्याला त्याचीच चव लागली. पण एका सीलच्या पोटात त्यांना ३६ मासे सापडले, न पचलेले, चांगले. ते तळून खाल्ले. पोट फाडताना आत बघायचं, ही त्यानंतर सवयच झाली.

धुराबद्दल मात्र थट्टा नाही. बंद जागेत चूल किंवा स्टोव्ह पेटवला की भुकेआधी धूर मारतो. एकदा वादळात त्यांच्या गुहेचं धुराडं बर्फानं बुजलं. चूल विझायला लागली, माणसं गुदमरायला लागली, आणि खोदून वाट मोकळी केली म्हणून वाचली. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, डोकं जड होतं आणि झोप येते, आणि ती झोप गोड वाटते. म्हणून हे नियम लिहून दारावर लावा. धुराड्यातून किंवा झरोक्यातून एक लांब काठी आरपार ठेवा आणि चूल पेटवण्याआधी ती हलवून बघा. वादळात दर दोन तासांनी एकजण उठून हेच करील, त्याची पाळी लावा. वातीची ज्योत मंदावून मिचमिचायला लागली तर स्वयंपाक तसाच सोडून आधी हवा. बाहेर जायचं तर दोर धरूनच, मग बाहेर म्हणजे दहा पावलांवरचा संडास का असेना.

कटकट्या माणूस

प्रत्येक तुकडीत एक असतो. त्याला लांब ठेवावंसं वाटतं, तिथंच घोटाळा होतो. शॅकल्टननं फोटोग्राफर हर्लीला स्वतःच्या तंबूत घेतलं, कारण हर्लीला मोठेपणा हवा होता आणि तो मिळाला नाही तर तो दुसऱ्या तंबूत बसून माणसं फोडू शकला असता. मोठेपणा द्यायला शॅकल्टनचं काय जात होतं? सल्ला विचारायचा, मान डोलवायची.

सुतार मॅकनिशचं प्रकरण जास्त अवघड. डिसेंबर १९१५ मध्ये बर्फावरून होड्या ओढताना तो थांबला आणि म्हणाला, जहाज बुडालं तेव्हा आमचा करार संपला, आता तुमचा हुकूम मी का मानू? हा प्रश्न बाकीच्या खलाशांच्याही मनात होता; पगार बंद झाला की काय, याची धास्ती होती. शॅकल्टननं सगळ्यांना गोळा केलं, कराराचं वाचन केलं, आणि सांगितलं की सुखरूप बंदराला लागेपर्यंत पगार चालू आहे. इथं शिकण्यासारखं आहे ते हे: बंडाच्या आत बहुतेक वेळा एक साधा, रास्त प्रश्न दडलेला असतो. त्याचं उत्तर सगळ्यांना द्या, मग त्या माणसाचा समाचार घ्या. आधी समाचार घेतलात तर प्रश्न तसाच राहतो आणि दुसऱ्याच्या तोंडून येतो.

पुढं सहा जणांनी मदत आणायला ‘जेम्स केअर्ड’ नावाच्या होडीतून दक्षिण जॉर्जिया बेटावर जायची वेळ आली तेव्हा शॅकल्टननं मॅकनिशला बरोबर घेतलं. मागं वाइल्डला ताप नको, हे एक कारण सांगतात. पण त्या उघड्या होडीच्या कडा चढवून तिला छत घातलं ते याच सुतारानं, हाती सापडेल त्या लाकडाफळ्यांतून. त्याच्या हाताशिवाय सहाही जण त्या समुद्रात राहिले असते. तरीही नंतर ध्रुवीय पदकाच्या यादीतून शॅकल्टननं त्याचं नाव वगळलं. मोठ्या माणसाचा हा कोतेपणा मला अजून खटकतो. हिवाळा संपला की हिवाळ्यातली भांडणं तिथंच पुरून यायची, शिफारशीच्या कागदावर आणायची नाहीत.

थांबायचं की निघायचं

अडकलेल्या तुकडीला सगळ्यात जास्त खातो तो हा प्रश्न. सरळ उत्तर नाही, पण काही गोष्टी तोलता येतात. ग्रीलीची तुकडी फोर्ट कॉंगर या आपल्या पहिल्या तळावर होती तोवर छप्पर होतं, शिधा होता, आसपास शिकार होती. जहाज आलं नाही तर दक्षिणेकडं निघा, असा हुकूम आधीच लिहून आलेला होता, म्हणून ऑगस्ट १८८३ मध्ये निघाले, आणि पोचले ते केप सेबिनला, जिथं जवळजवळ काहीच नव्हतं. निघण्याआधी स्वतःला विचारा: जिथं चाललोय तिथं अन्न आहे हे कुणी डोळ्यांनी पाहिलंय, की फक्त असणार असं कागदावर लिहिलंय? वर बसलेल्यानं दोन वर्षांपूर्वी लिहिलेला हुकूम आजच्या बर्फावर चालतो का, हे ठरवण्यासाठीच तिथं प्रमुख नेमलेला असतो.

शॅकल्टनच्या लोकांनी होड्या ओढत जायचे दोन प्रयत्न केले. दुसऱ्या वेळी आठवड्याभराच्या मरमरीनंतर पंधरा किलोमीटरही कापले गेले नाहीत. त्यानं चाल थांबवली आणि बर्फ वाहत नेईल तिकडं जायचं ठरवलं. इतकं ओढून आणल्यावर थांबा म्हणणं सोपं नसतं.

कॅम्पबेलनं उजेडाची वाट पाहिली. ३० सप्टेंबर १९१२ ला गुहा सोडली, बांधून ठेवलेला शिधा आता उघडला, आणि तीनशेच्या वर किलोमीटर चालायला सुरुवात केली. ब्राउनिंग हा खलाशी पोटाच्या विकारानं इतका खंगला होता की तो पोचेल की नाही याची शंका होती. चाल त्याच्या पायांना झेपेल तेवढीच ठेवली. तुमच्यातही असा एक असेल; दिवसाचं अंतर त्याच्यावर ठरवा, सगळ्यात धडधाकट माणसावर नाही, आणि हे त्याच्यासमोर मोठ्यानं बोलू नका.

वाटेत केप रॉबर्ट्सला त्यांना मोहिमेच्या दुसऱ्या तुकडीनं मागं ठेवलेला शिधा सापडला. बिस्किटं, लोणी, मनुका. मांसाशिवाय काही न मिळालेल्या माणसांनी त्यावर ताव मारला आणि ब्राउनिंगचं पोट त्या बिस्किटांनीच ताळ्यावर यायला लागलं. ७ नोव्हेंबरला ते केप इव्हान्सच्या मुख्य तळावर पोचले, तोवर कळलं होतं की स्कॉट आणि त्याचे सोबती परतलेच नाहीत.

असा ठेवा तुम्हाला सापडला तर पहिल्या दिवशी थोडंथोडंच द्या. महिनोन्‌महिने उपाशी असलेल्या माणसाला एकदम पोटभर खाऊ घातलं तर ते जिवावर बेततं. डॉक्टर बरोबर असेल तर किती आणि कधी ते त्याला ठरवू द्या, आणि उरलेलं रात्री त्याच्या उशाखाली ठेवा. निघताना डब्यात चिठ्ठी टाका: कुणी उघडलं, काय नेलं, किती उरलं, कोणत्या दिशेनं गेलो, तारीख. पेन्सिलनं लिहा, शाई गोठते.